जुनी लॅटिन, अभिजात लॅटिन आणि आपले ‘बे’

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘सीझर आणि सिसेरो यांची लॅटिन सर्वांत जुनी, म्हणून ती अभिजात असे समजायचे का? तिच्याआधी लॅटिन कशी होती? आणि “दोनदा” या अर्थाचा लॅटिन शब्द बिस आपल्या बे वरून तिकडे गेला, हे खरे का?’

पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात: नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हापासून ‘अभिजात म्हणजे पुरातन’ हे समीकरण भाषणांतून आणि लेखांतून सतत कानावर येते आणि दर वेळी खुपते. प्राचीनता हा आपल्याकडच्या सरकारी निकषांपैकी एक निकष आहे. तो त्या शब्दाचा अर्थ नव्हे. लॅटिनपुरते बोलायचे तर ‘अभिजात’ हे मधल्या टप्प्याचे नाव आहे. साधारण इ.स.पू. 75 च्या आधीची ती जुनी लॅटिन, वक्ता सिसेरो आणि सेनानी सीझर यांच्यापासून पुढची अभिजात. लेखकाला ‘क्लासिकुस’ हे विशेषण लावणारा रोमन लेखक औलुस गेल्लिउस इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याने ते रोमन नागरिकांच्या संपत्तीनुसार केलेल्या वर्गवारीवरून उचलले. क्लासिकुस म्हणजे पहिल्या वर्गातला, मातब्बर. शब्दाच्या या अर्थात वयाचा काहीच संबंध नाही.

जुनी लॅटिन खुद्द रोमनांनाही अवघड झाली होती. इ.स.पू. दुसऱ्या शतकात इतिहासकार पॉलिबिअसने रोम आणि उत्तर आफ्रिकेतले कार्थेज यांच्यातला पहिला तह वाचला. त्यातली भाषा इतकी वेगळी आहे की जाणत्यातल्या जाणत्यांनाही ती जेमतेम उलगडते, असे त्याने लिहून ठेवले आहे. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलिअन तर सांगतो की सालिई पुरोहितांची सूक्ते त्या पुरोहितांनाच नीट कळत नसत. प्लॉटसची नाटकेही याच टप्प्यातली, पण ती बरीच अलीकडची आणि सरावाने वाचता येतात. खरी गंमत कोरीव लेखांत आहे, आणि त्यातही एका लेखात.

1880 मध्ये रोममध्ये तीन जोडकुप्यांचे एक मातीचे भांडे मिळाले. ते साधारण इ.स.पू. सहाव्या शतकातले. त्यावरच्या लेखात ‘दुएनोस मेद फेकेद’ असे शब्द आहेत. मेद म्हणजे ‘मला’, फेकेद म्हणजे ‘केले, घडवले’. भांडेच बोलते आहे. दुएनोस हे कुंभाराचे नाव की नुसतेच ‘भला माणूस’, यावर वाद आहे. पण शब्द कोणता, यावर नाही. दुएनोस म्हणजे पुढे अभिजात लॅटिनमध्ये बोनुस झालेला शब्द, अर्थ ‘चांगला’. दिवाळीला हातात पडणारा बोनस तो हाच.

दुएनोसचा बोनुस कसा झाला? शब्दाच्या आरंभी द आणि व एकत्र आले की लॅटिनमध्ये पुढे त्यांचा ब झाला. दुएल्लुमचे बेल्लुम (युद्ध), दुइसचे बिस. हा नियम सिसेरोलाही ठाऊक होता. इ.स.पू. 260 मध्ये कार्थेजच्या आरमाराला हरवणारा सेनापती दुएल्लिउस. त्याच्या पूर्वजांना कायम दुएल्लिउसच म्हणत, पण याला लोक बेल्लिउस म्हणू लागले, असे सिसेरो सांगतो. त्याच पिढीतल्या एका स्किपिओच्या (इ.स.पू. 259 चा कॉन्सल, म्हणजे रोमचा वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) समाधिलेखात मात्र ‘भल्यांमध्ये’ या अर्थी ‘दुओनोरो’ असे द सांभाळलेले रूप आहे. बोलण्यात ब शिरला तरी दगडावर जुने रूप टिकले. कायद्याने तर ते सिसेरोच्या काळापर्यंत टिकवले. इ.स.पू. 63 मध्ये त्याने राबिरिउसचा बचाव केला त्या राजद्रोहाच्या खटल्यातला आरोप ‘पेर्दुएल्लिओ’ असाच होता. (दुएल्लुम म्हणजे द्वंद्व, दोघांचे युद्ध, ही व्युत्पत्ती मात्र सोडून द्या. तो अर्थ मध्ययुगात दुओ, म्हणजे दोन, या शब्दाच्या ओढीने चिकटला.)

आता आपल्याकडे या. संस्कृत द्वादशचे मराठीत बारा, द्वाविंशतिचे बावीस, द्वितीयेची बीज, म्हणून भाऊबीज. इथेही द्व चा ब! आणि मधली पायरी सुद्धा दगडावर सापडते. गिरनारच्या अशोकाच्या लेखात राज्याभिषेकाला बारा वर्षे झाल्याचा उल्लेख आहे आणि तिथे शब्द कोरला आहे ‘द्बादस’. व चा ब झालेला, द अजून गेलेला नाही. हा लेख इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे दुएल्लिउसच्या विजयाच्या अगदी आसपासचा. सौराष्ट्रात आणि रोममध्ये जवळपास एकाच काळात जिभा त्याच जागी घसरत होत्या, आणि एकमेकींना त्याचा पत्ता नव्हता.

म्हणूनच ‘बे वरून बिस’ हे साफ चूक. दोन्हीकडचा ब आपापल्या घरी तयार झाला. समाईक आहे तो त्याआधीचा द्व. संस्कृत आणि लॅटिन एकाच कुळातल्या बहिणी. दिसायला सारखे ते उसने, हा हिशेब करणाऱ्यांनी निदान त्या भांड्यावरची अक्षरे वाचावीत. तिथे ब नाहीच.

पण मला याहून जास्त महत्त्वाचे वाटते ते पुढचे. लॅटिनमध्ये बिस झाले, पण दुओ राहिले. कारण दुओमध्ये उ हा पूर्ण स्वर आहे. द आणि व तिथे चिकटलेलेच नाहीत. मराठीतही तसेच: बे दुणे चार. एकाच ओळीत ब आणि द. बरेच अभ्यासक म्हणतात की मराठीचा खरा वारसा द चा, कारण द्वारचे दार होते आणि दोन, दुसरा, दुपार यांतही द आहे. ब हा गुजरातच्या बाजूने आकड्यांबरोबर आला, कारण गुजराती दोनला बेच म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. ऋग्वेदातले कितीतरी चरण छंदात बसवायला द्वा हा शब्द दुवा असा दोन अक्षरी म्हणावा लागतो. अशोकाचा तोच बारा वर्षांचा उल्लेख डेहराडूनजवळच्या कालसीच्या लेखात दुवा ने सुरू होतो, गिरनारला द्बा ने. म्हणजे उच्चार पहिल्यापासून दोन होते. दुवा म्हणणाऱ्यांचा द राहिला, द्वा म्हणणाऱ्यांचा ब झाला, जसे लॅटिनमध्ये दुओ आणि बिस. मराठीने दोन्ही घेतले आणि कामे वाटून दिली. मोजायला दोन, पाढ्याला बे, घडीला दुहेरी, तिथीला बीज.

आकडे बाजारातून येऊ शकतात, हे मान्य. पण बीज, तीज, चौथ या माळेत तीज आणि चौथ घरच्या आणि बीज तेवढी उसनी, हे कसे, ते आयातवाद्यांनी आधी सांगावे.