म्युनिकला ऑक्टोबरात येत आहात, तर आधी चालायला लागा

तुम्ही लिहिले आहे की ऑक्टोबरात पत्नीसह पुण्याहून म्युनिकला येत आहात, गाडी घेण्याचा विचार नाही आणि जर्मन अजून जुजबीच येते. मग हे शहर लवकर ओळखीचे व्हावे यासाठी काय करावे, आणि घर मध्यवस्तीत घ्यावे की कार्यालयाजवळ. अकरा वर्षांपूर्वी मीही याच वाटेने आले. घराचे उत्तर थोडक्यात देते: म्युनिकमध्ये घर आपण निवडत नाही, जे मिळते ते घेतो, त्यामुळे भुयारी रेल्वेचे स्थानक पायी दहा मिनिटांच्या आत असेल तर फार चिकित्सा करत बसू नका. शहराच्या ओळखीबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण तिथे मी स्वतः चार महिने वाया घालवले आहेत.

ते चार महिने म्युनिक माझ्यासाठी केवळ स्थानकांच्या नावांची यादी होते. झेंडलिंगर टोअरला मी जमिनीखाली शिरत असे, गाडीची वाट पाहत असे आणि पुढच्याच स्थानकावर, मारियनप्लाट्झला, वर येत असे. हे अंतर पायी जेमतेम दहा मिनिटांचे आहे, हे मला एका संपाच्या दिवशी नाइलाजाने चालावे लागले तेव्हा कळले. तुम्ही महिन्याचा पास अवश्य घ्या. २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेले डॉइचलांडटिकेट २०२६ पासून ६३ युरोंना मिळते आणि देशभरातील स्थानिक गाड्यांना चालते. तरीही पहिले काही शनिवार-रविवार तो खिशातच राहू द्या.

पहिला फेरफटका लुडविग्सब्रुके या पुलापासून सुरू करावा. हे शहर मुळात मिठामुळे वसले. ११५८ च्या सुमारास हाइनरिश या सरदाराने उत्तरेकडचा, एका बिशपच्या ताब्यातील पूल मोडून मिठाच्या गाड्यांची वाट आपल्या पुलाकडे वळवली, म्हणजे जकातही आपोआप त्याच्याकडे आली. तो पूल आजच्या लुडविग्सब्रुकेच्या आसपास होता. तिथून इझारटोअर ही जुनी वेस, टाल हा रस्ता, मारियनप्लाट्झचा चौक आणि तसेच सरळ पश्चिमेला कार्ल्सटोअर ही दुसरी वेस, अशी मिठाच्या गाड्यांची वाट आजही अखंड चालता येते. मध्ये कुठेही न थांबता गेलात तर अर्धा तास पुरतो, पण टालच्या दक्षिणेला विक्टुआलिएनमार्क्टची मंडई आहे, आणि भाजी न्याहाळल्याशिवाय पुढे जाणारा पुणेकर मी तरी पाहिलेला नाही. मारियनप्लाट्झपासून कार्ल्सटोअरपर्यंतचा रस्ता १९७२ च्या ऑलिंपिकच्या वर्षी पादचाऱ्यांसाठी मोकळा झाला. ही एक रेघ मनात पक्की बसली की बाकीचे गाव तिच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला लावता येते.

वाट चुकल्यास दोन खुणा उपयोगी पडतात. पहिली म्हणजे फ्राउएनकिर्शे या चर्चचे हिरव्या घुमटांचे दोन मनोरे. ते शंभर मीटरना किंचित कमी आहेत, आणि त्यांच्याहून उंच बांधकाम नको असा कौल नागरिकांनी २००४ मध्ये मतदानाने दिला. त्यामुळे तुरळक जुने अपवाद वगळता आकाशात तेच दिसतात. दुसरी खूण म्हणजे घरांचे क्रमांक: मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर ते साधारणपणे शहराच्या मध्याकडच्या टोकापासून सुरू होतात, म्हणून आकडा वाढत चालला की आपण बाहेर निघालो आहोत असे समजावे.

दुसरा फेरफटका इझार नदीच्या काठाने करावा. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, एवढे लक्षात ठेवले की होकायंत्राची गरज उरत नाही. शहराच्या दक्षिण भागातला सुमारे आठ किलोमीटरचा काठ पूर्वी बांधून सरळ केलेला होता. २००० ते २०११ या काळात तो पुन्हा सैल सोडला गेला, आणि आज तिथे गोट्यांचे किनारे आहेत. राइखेनबाखब्रुके या पुलापासून फ्लाउखर या नदीकाठच्या हिरव्या भागापर्यंत पाण्याच्या कडेने जा. आपल्याकडे नदीकाठी माणसे घाटावर काही कामानिमित्त जातात. इथे काहीही न करण्यासाठी जातात, आणि मला ते पचायला वेळ लागला.

चालताना एक गोष्ट फार सांभाळा. पदपथाला लागूनच सायकलींची पट्टी असते, कुठे लालसर, कुठे केवळ पांढऱ्या रेघेने वेगळी केलेली, आणि तिच्यावर रेंगाळणाऱ्याला इथले एरवी शांत असणारे लोक ठणकावून सुनावतात. पादचाऱ्यांचा लाल दिवा मोडल्यास ५ युरो दंड आहे, पण खरी अडचण शेजारी लहान मूल उभे असेल तर होते, कारण मग त्याचे आईवडील तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतात तिच्यापुढे दंड स्वस्त वाटतो.

घर मिळताच दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाने भरून दिलेला दाखला लागतो. तो किल्ल्यांबरोबरच मागून घ्या. इथे सहसा सदनिकेला क्रमांक नसतो, टपाल आडनावावर येते. माझे नाव घंटीवर आणि पत्रपेटीवर लावलेले नव्हते, म्हणून बँकेचे कार्ड दोनदा परत गेले आणि कर-क्रमांकाचे पत्र तर कुठे गेले ते कळलेच नाही. पहिल्या संध्याकाळी कागदावर दोघांची आडनावे लिहून चिकटवा, धातूची पट्टी नंतर करता येते.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात आणि डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. कार्यालयातून निघेपर्यंत अंधार पडलेला असल्याने फिरणे आपसूक बंद होते आणि उदासी तिथूनच सुरू होते, म्हणून दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटे बाहेर पडण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. रविवारी दुकाने बंद आणि इतर दिवशी रात्री आठपर्यंतच उघडी असतात, तेव्हा किराणा शनिवारी आणावा. मुख्य रेल्वे स्थानकाच्या दक्षिणेला लांडवेअरश्ट्रासेच्या परिसरात डाळी, मसाले आणि कोथिंबिरीच्या जुड्या मिळतात.

दोन ठिकाणे मी पाहुण्यांना नेहमी दाखवते. फेल्डहेर्नहाल या इमारतीच्या मागे फिस्कार्डीगासे ही अरुंद गल्ली आहे. नाझी काळात त्या इमारतीवरील स्मारकासमोरून जाणाऱ्याला हात उंचावून सलाम करावा लागे. ज्यांना तो टाळायचा असे ते या गल्लीतून वळून जात. त्यांच्या आठवणीसाठी फरसबंदीत कांस्याच्या दगडांची एक नागमोडी वाट बसवलेली आहे. दुसरे ठिकाण ऑलिम्पियाबेर्ग ही टेकडी, जी बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या घरांच्या राडारोड्याची आहे. पर्वती चढणाऱ्याला ती किरकोळ वाटेल, पण दक्षिणेकडून फ्योन हा उबदार वारा सुटतो त्या दिवशी तिच्यावरून आल्प्सची रांग हाताशी आल्यासारखी दिसते.

आणि बूट पुण्यातून आणू नका. बर्फ पडला की पदपथांवर बारीक खडी टाकतात, ती गुळगुळीत तळव्यांत रुतून बसते. जाड खाचांचे, पाणी आत न येणारे बूट इथेच, जाड मोजे घालून मापाने घ्या.