पॅटर्न निवडताना आधी काय बघाल?

स्वेटरचा पॅटर्न, म्हणजे विणायच्या लेखी सूचना, घेताना फोटोआधी माप बघा. ‘4 मिमीच्या सुया, 10 सेमीत 22 टाके, 30 ओळी’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो सरळ बाजूला ठेवा. 220 टाक्यांचा घेर या मापाने 100 सेमी होतो. तुमचा हात सैल असून 10 सेमीत 20च टाके बसले, तर तोच 110 होतो.

टाके कमी-जास्त केलेल्या प्रत्येक ओळीपुढे कंसात एकूण टाके हवेतच. नाहीतर चूक बगलेपाशी कळते आणि सगळं उसवावं लागतं. ‘दोन्ही बाजूंनी कमी करा’ एवढ्याने भागत नाही. कडेपासून कितव्या टाक्यावर, दर किती ओळींनी, तेही हवं.

2 सुलट-2 उलट बॉर्डरला टाके 4च्या पटीत अधिक 2 सांगितलेत का, तेही तपासा. त्यामुळे दोन्ही कडांना 2 सुलट येतात.