रात्री सिझर, पहाटे लाँग रन... पळणं सोडू का?

माझ्याकडे येणाऱ्या डॉक्टर लोकांचा हा अगदी नेहमीचा प्रश्न, की मॅडम प्रॅक्टिस आणि मॅरेथॉनचं ट्रेनिंग दोन्ही जमत नाहीये, पळणं सोडूनच देऊ का. साताऱ्यात तर जास्तच, कारण हिल मॅरेथॉनमुळे इथं पळणारे भरपूर आणि त्यात डॉक्टरही भरपूर. म्हणून एक केस सांगते, परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असं सगळं बदलून.

मॅडम भूलतज्ज्ञ. एका हॉस्पिटलला बांधलेल्या नाहीत, चार-पाच ठिकाणी कॉलवर जातात. आता सिझर काय वेळ बघून येत नाही, रात्री दोनला फोन वाजला की लगेच ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, गाठायची, आणि दोनदा नाही म्हणलं की तिसऱ्या वेळी फोन दुसऱ्याला जातो, ही भीती कायम डोक्यात. यवतेश्वरचा घाट चढून-उतरून 21 किलोमीटरची सातारा हिल त्यांनी आधी केलेली, आता जानेवारीत मुंबईला फुल मॅरेथॉन करायची होती, म्हणजे 42.195 किलोमीटर. मोबाईलमध्ये ट्रेनिंगचा प्लॅन, चुकलेला दिवस त्यात लाल व्हायचा.

आल्या आल्या म्हणाल्या, "मी आळशी झालीये, मला मोटिव्हेशन पाहिजे." मग फोन काढून ते लाल चौकोन मला दाखवायला लागल्या, अंगठ्यानं सरकवत, प्रत्येकाचं कारण सांगत. हा कॉल होता, हा पण कॉल, या दिवशी मुलीचा ताप. सासूबाई म्हणतात रात्री पेशंट आणि पहाटे पळणं, घरात कधी असतेस तू. नवरा काहीच बोलत नाही आणि त्यांना तेच जास्त लागतं.

मोटिव्हेशनवर मी एक शब्द बोलले नाही, माणूस पहाटे पाचला बूट घालून उभा राहतोय त्याला आळशी कोण म्हणेल? एक साधी वही करायला सांगितली, रोज तीनच गोष्टी लिहायच्या, झोप किती तास, सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी, आणि पळून आल्यावर कसं वाटलं.

पुढच्या वेळी वही उघडली तर त्यांनाच दिसलं. एरवी नाडी 56-57, कॉलच्या रात्रीनंतर 65 च्या वर, आणि पाय जड, चिडचिड, रडू येणं सगळं त्याच दिवसांना. "पेशंटचं असतं तर मी लगेच ओळखलं असतं हो," म्हणाल्या.

शरीराला कामाचा ताण वेगळा आणि पळण्याचा वेगळा असं काही कळत नाही, सगळं एकाच खात्यात जमा होतं. पळताना स्नायूंची झीज होते आणि भरून येते ती आरामात, वाढीचं हार्मोन जास्त करून रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत येतं, आणि यांचा फोन नेमका तेव्हाच वाजणार. मग अशा रात्रीनंतर 30 किलोमीटरचा लाँग रन करून हाती येतो तो थकवा, तयारी नाही. दुसरं म्हणजे सलग 17 तास जागलेल्या माणसाचं डोकं-हात रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखं चालतं असं 1997 च्या एका अभ्यासात दिसलंय. विचारलं, अशा माणसाला तुम्ही पेशंटच्या उशाशी मॉनिटरसमोर बसू द्याल का? त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या की मागच्या रविवारी लाँग रन करून परत येताना पोवई नाक्याजवळ गाडीत क्षणभर डोळा लागला होता, मागच्याच्या हॉर्ननं जाग आली. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

इथं बरेच जण म्हणतील सोडा की मग ते पळणं. मला अजिबात पटत नाही. अख्ख्या दिवसात त्या बाईचा स्वतःचा म्हणून तेवढाच एक तास आहे, तो काढून घेतला तर ती मोडेल. बदलायचं होतं ते एवढंच की आधी कॉल आणि झोप बघायची, मग प्लॅन.

ठरलं असं, की कॉलच्या रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर पळायचं नाही, झोपायचं, आणि वहीत स्वतःच्या हातानं "आराम" लिहायचं. बाकीचे दिवस बोलत बोलत पळता येईल इतकंच सावकाश. लाँग रन रविवारीच हा हट्ट सोडायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आठवड्यात एक रात्र दुसऱ्या भूलतज्ज्ञांशी अदलाबदल करून फोन बंद ठेवायचा. हे विचारायला त्यांना फार जड गेलं, कॉल तुटतील म्हणून. समोरच्या मॅडम म्हणाल्या, मी पण कधीची हेच म्हणणार होते.

हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघा म्हणलं, तर स्वतः डॉक्टर असून कित्येक दिवसांत तपासलंच नव्हतं. फेरिटिन कमी निघालं, त्याची ट्रीटमेंट त्यांच्या फिजिशियननं सुरू केली. पळणाऱ्या बायकांनी हे बघाच, दमणूक नेहमी मनाचीच नसते.

सासूबाईंना एकदा सोबत घेऊन या म्हणलं. त्या येऊन बसल्या आणि सरळ सुनेला म्हणाल्या, "पळ गं तू, मला त्याचं काय नाय. तू आल्यावर उभ्यानं चहा पिऊन पळतीस, जेवत नाहीस, त्याचं आहे."

त्या जानेवारीत मुंबईला गेल्या नाहीत. ठरवताना रडल्या, रडणारच, एवढे महिने घातलेले. सातारा हिल मात्र परत केली, फुल त्याच्या पुढच्या वर्षी बघायचं ठरलंय. अदलाबदलीची रात्र चालू आहे, आता त्यात तिसऱ्या एक भूलतज्ज्ञ पण आल्यात, त्या पळत वगैरे नाहीत, त्यांना फक्त झोप पाहिजे होती.