चढावर बाईक मागे येते, काय करू?

प्रश्न: मी गुहागरजवळ एका वाडीत राहते, वय ३४. मिस्टर मुंबईला, त्यांची १२५ सीसी बाईक घरी पडून आहे. मला रोज अंगणवाडीत जायचं असतं आणि एसटी दिवसातून दोनच. दिराने शिकवायला घेतलं, पण आमचं घर खालच्या अंगाला, बाहेर पडलं की लगेच चढ. तिथे गाडी बंद पडते नि मागे येते, दोनदा पडले, गुडघा फुटला. स्कुटी मला येते, लायसनही आहे, म्हणून सगळे म्हणतात स्कुटीच घे. काय करू?

उत्तर: ताई, पहिलाच धडा चढावर कोणी कोणाला देऊ नये, त्यामुळे पडलात त्याचं मनाला लावून घेऊ नका. आणि तुम्हाला स्कुटी येते ना, घोळ तिथेच असणार. स्कुटीला डाव्या हातात मागचा ब्रेक असतो आणि बाईकला तिथेच क्लच. घाबरलं की सवयीने डावा हात आवळला जातो, क्लच दाबला म्हणजे इंजिनचा जोर सुटला आणि गाडी मागे! बाईकचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी आहे, आणि दोन्ही पाय जमिनीला टेकले असतील तर तो धरणार कोण?

दिराला सांगा गाडी आधी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर न्यायला. सपाट, मोकळं, आत्ता उन्हाळ्यात खडखडीत कोरडं. तिथे पहिले दोन दिवस रेसला हात लावू नका. पहिला गिअर टाकून क्लच अगदी सावकाश सोडायचा, एका ठिकाणी इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी पुढे ओढ घेते, तिथे थांबून परत दाबायचा. ५०-६० वेळा करा, कंटाळवाणं आहे पण ती जागा बोटांना कळल्याशिवाय पुढचं काही जमत नाही, मला काकांनी आठवडाभर हेच करायला लावलं होतं.

मग चढ. डावा पाय खाली, उजवा ब्रेकवर. थोडी रेस, क्लच त्या ओढीपर्यंत, गाडी ब्रेकशी झगडायला लागली की मगच ब्रेक सोडा. उतरताना न्यूट्रल अजिबात नको, गिअरमध्येच उतरा.

लायसनवर विदाऊट गिअर असेल तर बाईक चालत नाही हां, गिअरचं लर्निंग वेगळं काढा, ते ६ महिने चालतं, ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. तोवर मागे मुलांना बसवायचं नाही. हेल्मेट सड्यावरसुद्धा.

पाऊस लागला की सड्यावरची प्रॅक्टिस बंद करा, जांभ्या दगडावर शेवाळ धरलं की चाक कधी सरकलं ते कळतही नाही. आणि दापोलीकडे जायला धोपाव्याहून फेरीबोट धरलीत तर जेटीच्या ओल्या उतारावर यंदाचा पावसाळा तरी गाडी दिराच्या हातात द्या, तुम्ही चालत बोटीत चढा.