पर्ड्यू जिंकेलही, तरी ते ४,००० डॉलर तिथे लावू नका

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांनी पर्ड्यू विद्यापीठातून एमएस केलं, आता एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करतात. पत्नी एच-४वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आहेत, मुलगी तीन वर्षांची. येत्या शनिवारी पर्ड्यूचा बास्केटबॉल संघ तळाला गेलेल्या एका संघाकडे खेळायला जातोय आणि त्या यजमानांनी सलग सहा सामने गमावलेत. पर्ड्यूची मनीलाइन, म्हणजे नुसत्या विजयावरच्या पैजेचा भाव, उणे ८०० आहे. स्प्रेड उणे साडेअकरा, म्हणजे ती पैज जिंकायला पर्ड्यूने किमान बारा गुणांनी जिंकायला हवं. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या २२,००० डॉलरमधले ४,००० मनीलाइनवर लावले तर एका संध्याकाळी ५०० सुटतील, बँक एवढ्या रकमेवर वर्षभरात याच्या जवळपासही देत नाही, मग का लावू नयेत, असं ते विचारतात. पत्राची शेवटची ओळ आहे, ‘बायकोला जिंकल्यावरच सांगेन.’

लावू नका. पर्ड्यू जिंकण्याची शक्यता खूप जास्त आहे, हे मलाही मान्य आहे. पण उणे ८०० या आकड्यात ते आधीच धरलेलं आहे. १०० मिळवायला ८०० पणाला लावायचे, म्हणजे नऊ वेळा पैज लावलीत तर आठ वेळा जिंकल्यावर तुम्ही जेमतेम जिथे होतात तिथे येता. पर्ड्यूची शक्यता ८९ टक्के धरली तर तुमच्या पैजेची सरासरी कमाई पाच डॉलर निघते. ८७ टक्के धरली तर ८५ डॉलरचा तोटा. हा दोन टक्क्यांचा फरक तुम्हाला घरबसल्या कळतो का? यजमान सहा सामने हरलेत हे तुम्हाला माहीत आहे, तसं ते भाव ठरवणाऱ्यांनाही माहीत आहे. कॉलेज बास्केटबॉलमध्ये घरच्या मैदानाचे साधारण तीन गुण धरतात, तेही त्यांनी मोजलेत. हाच सामना पर्ड्यूच्या घरी, वेस्ट लाफिएटला असता तर स्प्रेड सतरा-अठराच्या घरात दिसला असता.

तुम्ही पर्ड्यूचे, म्हणून १७ मार्च २०२३ची आठवण काढतो. दुखेल, पण काढायला हवी. राष्ट्रीय स्पर्धेत पर्ड्यूला पहिलं मानांकन, संघात सात फूट चार इंचांचा झॅक एडी आणि समोर फेअरली डिकिन्सन विद्यापीठ. हा संघ आपल्या कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या गटाची, स्पर्धाही जिंकलेला नव्हता, उंचीने तर पहिल्या श्रेणीतला सर्वांत बुटका. एडीने २१ गुण केले, तरी पर्ड्यू ६३-५८ने हरलं. तुम्ही इंडियानात राहिलात, तेव्हा तिथलंच इव्हान्सव्हिल विद्यापीठही आठवत असेल. नोव्हेंबर २०१९मध्ये त्यांनी पहिल्या क्रमांकाच्या केंटकीला केंटकीच्याच रप अरीनात ६७-६४ने हरवलं आणि पुढे त्याच मोसमात आपल्या कॉन्फरन्समधले अठराच्या अठरा सामने गमावले. एका रात्री काय होईल ते मोसमभराच्या कामगिरीवरून सांगता येत नाही. इथे तर वीस वर्षांची मुलं परक्या गावात, आरडाओरडा करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर फ्री थ्रो टाकणार आहेत.

स्प्रेडवर लावू का, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. तिथे भाव बरा दिसतो, ११० लावून १००. म्हणजे बरोबरीत राहायलाच शंभरातल्या बावन्नहून अधिक पैजा जिंकायला हव्यात. शिवाय सामना हातात आला की पर्ड्यूचा कोच शेवटच्या तीन मिनिटांत बाकावरची मुलं उतरवणार. पंधराची आघाडी नवावर आली तरी त्याला फिकीर नाही, कारण त्याला जिंकायचंय. तुमचे पैसे मात्र तेवढ्यात गेलेले असतील.

आता ज्यासाठी मी हे उत्तर इतकं लांबवतोय तो मुद्दा. ते २२,००० डॉलर कशासाठी ठेवलेत, हे तुमच्याच पत्रात आहे. घरभाडं, डे-केअर, गाडीचा हप्ता धरून महिन्याला ६,००० लागतात. पत्नीला काम करण्याची परवानगी अजून नाही, म्हणजे घर एका पगारावर चालतं. नोकरी गेली तर एच-१बीवर नवा मालक शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. नाही मिळाला तर भाडेकरार मोडायचा, गाडी विकायची, तिघांची तिकिटं काढायची, हे सगळं त्याच दिवसांत. माझ्या मते तुमच्यासारख्या घराला सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. तुमच्याकडे आत्ताच चार महिन्यांपेक्षा कमी आहे. ४,००० गेले तर तीन महिन्यांचा उरेल. जिंकलात तर त्यात पुरत्या तीन दिवसांचीही भर पडत नाही. एवढ्यासाठी वीस दिवसांचं छप्पर पणाला लावू नका.

करांचंही ऐका, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. समजा अशाच आठ पैजा तुम्ही जिंकलात आणि नववी हरलात. हातात शून्य. पण फेडरल रिटर्नमध्ये जिंकलेले ४,००० उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात. हरलेले वजा करायचे तर स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे हिशेब न देता मिळणारी ठरावीक वजावट, सोडावं लागतं आणि २०२५साठी पतिपत्नीच्या एकत्र रिटर्नला ते ३१,५०० आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला ते सोडणं परवडत नाही. २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर न कमावलेल्या पैशांवर ८८० डॉलर कर. २०२६पासून तर हरलेल्या रकमेच्या ९० टक्केच वजा करता येतात. न्यू जर्सी राज्य आपल्या करात हारजीत एकमेकींतून वजा करू देतं, फेडरलमध्ये तसं नाही.

आणखी एक गोष्ट. पर्ड्यू न्यू जर्सीच्याच रटगर्स विद्यापीठाशी खेळतं तेव्हा तुम्हाला पैजांच्या ॲपमध्ये तो सामना दिसत नसेल. न्यू जर्सीत राज्यातल्या कॉलेज संघांवर पैजा घ्यायला बंदी आहे, २०२१च्या मतदानातही लोकांनी ती उठवू दिली नाही. २०१८मध्ये ज्या राज्याने सुप्रीम कोर्टात लढून देशभर क्रीडापैजांची वाट मोकळी केली, त्याच राज्याने आपल्या मुलांच्या सामन्यांभोवती हे कुंपण ठेवलं, याचा मला आदर वाटतो.

पत्नीबद्दलची ओळ मी तीनदा वाचली. खातं दोघांच्या नावाचं, रिटर्न दोघांचं, व्हिसा गेला तर सामानही दोघांनीच बांधायचं. मग ही गोष्ट आज रात्री मुलगी झोपल्यावर त्यांना सांगा. रक्कम आणि भाव दोन्ही सांगा, हे उत्तरही वाचायला द्या. त्या काय म्हणतील ते मी गृहीत धरत नाही. कदाचित त्यांना पर्ड्यू तुमच्याइतकंच आवडत असेल.

त्यानंतरही सामन्यात थोडी रंगत हवी असेल, तर बाहेर जेवायला ठेवलेल्या पैशांतून ५० डॉलर घ्या. ते डेबिट कार्डाने भरा. अनेक बँका क्रेडिट कार्डावरून केलेला असा भरणा रोख उचल धरतात आणि त्याच दिवसापासून व्याज लावतात. ॲपमध्ये महिन्याला ५०ची मर्यादा सामना सुरू होण्याआधी घाला, आणि त्या ५०पैकी काही परत येणार नाही असं धरून चाला. ४,००० आहेत तिथेच राहू द्या. पुढच्या पगारापासून दर महिन्याला त्यात ५०० डॉलर आपोआप जमा होतील अशी सूचना बँकेला द्या. शनिवारच्या पैजेतून तुम्हाला हवे होते तेवढेच.