गोळ्या मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत, तरी लोक पॉइंट टू-टू का सोडत नाहीत?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा की मुलगी एअर रायफलची नेमबाजी करते, कोच तिला आता ५० मीटरला, म्हणजे बारुदाची गोळी उडवणाऱ्या पॉइंट टू-टू (.२२) रायफलीला न्या म्हणतात, पण गोळ्यांचा तुटवडा आणि भाव ऐकून तुम्हाला धडकी भरली आहे. रेंजवरची मंडळी तक्रारी करत का होईना, दर आठवड्याला येतातच, हेही तुम्ही पाहिलंय. हे वेड नेमकं कशाचं, असं तुम्ही विचारता.

मी नोकरी सांभाळून प्रोन (आडवं झोपून नेम धरणं) आणि थ्री-पोझिशन (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, मग प्रोन, मग स्टँडिंग म्हणजे उभ्याने) करते. राज्य स्पर्धेच्या पुढे गेलेली नाही, जाणारही नाही. त्यामुळे पदकाच्या आशेने टिकून आहे असं माझ्याबाबतीत तरी म्हणता येणार नाही.

आधी पैशाचं बोलू, कारण तिथे बरेच गैरसमज असतात. या गोळीच्या पितळी केसच्या बुडाला एक बारीक कड असते. पेट घेणारा मसाला त्या कडेच्या आतल्या खोबणीत असतो. रायफलची पिन कडेवर आपटते, कड चेपते आणि मसाला पेटतो. एकदा चेपली की केस संपली. मोठ्या बोअरच्या गोळीत मसाल्याची टोपी मधोमध वेगळी बसवलेली असते. ती बदलून, बारूद भरून केस पुन्हा वापरता येते, आणि परदेशात हजारो लोक घरी बसून तेच करतात. आपल्या या गोळीला ती सोय नाही. कारखान्याने बनवली तर गोळी आहे, नाही बनवली तर नाही. १८८७ मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने ही .२२ लाँग रायफल गोळी काढली, तेव्हापासून हा प्रकार असाच आहे.

त्यात स्पर्धेच्या दर्जाची गोळी बनवणारे कारखाने जगात मोजकेच. बर्मिंगहॅमची एली, जर्मनीतली आरडब्ल्यूएस, आणि लापुआ, जिचं नाव फिनलंडचं असलं तरी या गोळ्या जर्मनीत शोनेबेकला बनतात. ओला मसाला प्रत्येक केसमध्ये घालून, केस गरागरा फिरवून तो कडेत सगळीकडे सारखा पसरवायचा, हे काम घाईत होत नाही. मागणी वाढली म्हणून उत्पादन महिन्याभरात दुप्पट करता येत नाही. बायॅथलॉनवाले, म्हणजे बर्फावर स्की करत मध्येच नेम धरणारे, तेही १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हीच .२२ वापरतात, तेव्हा युरोपातला हिवाळाही आपल्या गोळ्यांवर हक्क सांगतो.

तुटवड्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट अमेरिकेतली. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर शस्त्रकायदे कडक होणार या धास्तीने लोकांनी दुकानं रिकामी केली. त्यात सगळ्यात जास्त काळ गायब झाली ती ही सर्वांत स्वस्त गोळी. दुकानदार माणशी एक-दोन डब्यांची मर्यादा घालू लागले. २०२० मध्ये कोविडच्या काळात तेच पुन्हा झालं. मग युक्रेन युद्ध आलं, युरोपातल्या बारुदाची आणि त्यासाठी लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजची ओढाताण सुरू झाली, आणि खेळाच्या गोळ्यांचे भाव पुन्हा चढले.

आता माझं मत सांगते. अमेरिकेतल्या त्या टंचाईने मोडला तो रविवारी शेतावर जाऊन रिकाम्या डब्यांवर पाचशे गोळ्या उडवायचा शौक. त्यात मजाच मुळी संख्येची होती. आपल्याकडे ती स्वस्ताई कधी नव्हतीच. इथे गोळी म्हणजे परवाना, नोंदवही, रायफल असोसिएशनचा कोटा, आयातीची कागदपत्रं आणि खर्च केलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब. आपली नेमबाजी जन्मापासून काटकसरीत वाढली, म्हणून भाव वाढले की आम्ही कुरकुरतो, पण आमचा खेळ कोसळत नाही. सरावाचा मोठा भाग इथे गोळीशिवायच होतो. भिंतीवर छोटं टार्गेट लावायचं, पोझिशन घ्यायची, श्वास सोडायचा, ट्रिगर दाबायचा आणि ‘टक’ झाल्यावरही डोळा साईटवरच ठेवायचा. ज्यांना शक्य आहे ते नळीवर स्कॅटचा सेन्सर लावतात, मग नेम कुठून कुठे सरकला ते संगणकावर रेघेने दिसतं. (एक सावधगिरी. काही .२२ रायफलींत रिकामी पिन सारखी आपटली की ती चेंबरच्या काठावर बसते आणि काठ खराब होतो. तुमच्या रायफलीला काय चालतं ते आर्मररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला, विचारल्याशिवाय घरी टकटक नको.)

पण काटकसर जमते म्हणून कोणी एखाद्या खेळाला चिकटून राहत नाही. चिकटवणारी गोष्ट म्हणजे वारा.

एअर रायफल दहा मीटरवर, छताखाली, बंद हॉलमध्ये. तिथे चूक झाली की ती तुमचीच. ५० मीटरच्या लाईनवर समोर उघडं आकाश असतं. ही गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची. स्पर्धेची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा किंचित हळू ठेवतात, कारण तो वेग ओलांडून गेलेली गोळी पुन्हा त्याखाली येताना डगमगते. एवढ्या हलक्या, एवढ्या सावकाश गोळीला ५० मीटर जायला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो, आणि तेवढ्यात आडवा वारा तिला दहाच्या बाहेर सहज लोटून देतो. दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या बटणाएवढं. प्रोनमध्ये आणि फायनलमध्ये तेही दशांशात मोजलं जातं, १०.० पासून १०.९ पर्यंत.

पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर सकाळच्या डिटेलमध्ये (पाळीत) वारा दाखवणारे झेंडे मेल्यासारखे लोंबतात आणि माझ्यासारखीलाही आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. अकरा-साडेअकरानंतर चित्र पालटतं. जवळचा झेंडा डावीकडे, टार्गेटपाशी असलेला उजवीकडे, मधला गोंधळलेला. आता साईटला दोन क्लिक देऊन ती सरकवायची, की नेम थोडा बाजूला धरायचा, की रायफल खांद्यावरून उतरवून मघाची झुळूक परत येईपर्यंत थांबायचं? थ्री-पोझिशनला ६० गोळ्यांसाठी दीड तास असतो आणि पोझिशन बदलणं, बदलल्यानंतरचे सायटर्स (गुणांत न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या) सगळं त्यातच. कोणी उगीच थांबून राहिलं की शेवटी घाईत वाट लागते, कोणी थांबतच नाही त्याची आधीच लागते. मला हा हिशेब दुसऱ्या कुठल्याही खेळात सापडला नाही, आणि गोळी महाग असल्यामुळे तो आणखी टोकदार होतो. फुकटची गोळी असती तर मी झुळकेला आजमावत बसले असते. आता झेंड्यांकडे बघण्यावाचून इलाज नाही.

दुसरं वेड लॉटचं, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेल्या गोळ्यांच्या खेपेचं. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. एकाच कारखान्याची, एकाच नावाची, एकाच किमतीची गोळी, फक्त डब्यावरचा लॉट क्रमांक वेगळा, आणि तुमची रायफल एका लॉटला सगळी भोकं एकात एक घालते, दुसऱ्याला ती पसरून टाकते. शेजारच्या रायफलीचं नेमकं उलटं. नळीच्या आवडीनिवडी असतात आणि त्या कॅटलॉगमध्ये छापलेल्या नसतात. म्हणून मोठे खेळाडू रायफल घेऊन थेट कारखान्याच्या टेस्ट रेंजवर जातात. तिथे रायफल शिकंज्यात पक्की बसवून एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारून बघतात आणि जो आवडला त्याचाच वर्षभराचा साठा घेतात. आपण क्लबच्या कपाटात जे असेल ते घेतो. तरी पन्नासचे दोन-तीन वेगवेगळे डबे घेऊन, शांत हवेत, टेकणावरून ग्रुप मारून, म्हणजे भोकं किती जवळजवळ पडतात ते, बघण्यात एक अख्खी सकाळ जाते, आणि ती वाया गेली असं कधीच वाटत नाही. माझ्या रायफलीला महागडी गोळी मानवत नाही, तिच्याखालची स्वस्त गोळी छान चालते. नवऱ्याला घरात घडलेली हीच एक काटकसर वाटते.

तिसरी गोष्ट सांगायला सोपी आहे. या रायफलीला धक्का जवळजवळ नाहीच, आवाजही बेताचा. त्यामुळे लाईनवर पंधरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे निवृत्त काका शेजारी शेजारी प्रोनला आडवे असतात आणि स्क्रीनवर काकांचा आकडा बरेचदा वर असतो. धक्का नाही म्हणजे दोष द्यायला काही उरत नाही, हेही आहेच. मेणचट ग्रीस लागलेल्या गोळ्यांनी बोटं काळी होतात, ती चहाच्या आधी साबणाने धुवायची. शिसं आहे ते. मुलीला पहिल्या दिवसापासून ही सवय लावा.

आणि महाराष्ट्रात, त्यातही कोल्हापुरात, या गोळीला एक घराणं आहे. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ मारून सुवर्ण घेतलं, त्या वेळच्या विश्वविक्रमाची बरोबरी करत. महिलांचा प्रोन हा ऑलिम्पिकचा प्रकार नव्हताच. म्हणजे जगात पहिली आलेली बाई त्या प्रकारासाठी ऑलिम्पिकला जाऊच शकत नव्हती. ती थ्री-पोझिशनकडे वळली आणि टोकियोला उतरली तेव्हा चाळिशीत होती. राही सरनोबतचं २०१८ च्या एशियाडमधलं सुवर्ण २५ मीटर पिस्तूलचं, गोळी हीच. नेमबाजीत एशियाड सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला. ऑलिम्पिकमध्ये भारताला या गोळीने दोन पदकं दिली. विजय कुमारचं २०१२ चं पिस्तूलमधलं रौप्य, आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शातोरूच्या रेंजवर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं थ्री-पोझिशनमधलं कांस्य. पात्रता फेरीत तो ५९० गुणांवर सातवा होता. फायनलमध्ये नीलिंगनंतर मागे, प्रोननंतर पाचवा, आणि जिथे भल्याभल्यांचे पाय लटपटतात त्या स्टँडिंगमध्ये तो वर चढला. ४५१.४ वर तिसरा. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

पदकानंतर वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्यावर माझं म्हणणं जरा रूक्ष आहे. ती गोष्ट आपल्यापर्यंत आली कारण तिचा शेवट पोडियमवर झाला. कर्ज काढून मुलगा राज्य स्पर्धेत चाळिसावा आला, अशा घरांकडे कोणी वार्ताहर जात नाही. शिवाय स्वप्निलच्या मागे सरकारी क्रीडा प्रबोधिनी होती, दीपाली देशपांडेंसारख्या प्रशिक्षक होत्या, पुढे रेल्वेची नोकरी होती. तेव्हा सुरुवातीलाच कर्ज काढू नका. कोच काहीही म्हणोत.

तुमच्यापुरतं बोलायचं तर एअर रायफल बंद करू नका. उभं राहणं, ट्रिगर, श्वास, सगळं तिथेच स्वस्तात पक्कं होतं. एका मॅच गोळीच्या पैशात पेलेट, म्हणजे एअर रायफलचे छर्रे, बरेच येतात आणि स्पर्धेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. पॉइंट टू-टू पहिलं वर्षभर तरी क्लबच्या रायफलीवर करू द्या. परवान्यासाठी एरवी २१ वर्षांची अट असते आणि लहान नेमबाजांसाठी वेगळी तरतूद आहे. त्याची कागदपत्रं असोसिएशनकडून समजून घ्या, एजंटकडून नको. क्लब निवडताना रेंज किती चकाचक आहे ते पाहू नका. ज्युनिअरला महिन्याला प्रत्यक्षात किती राउंड (गोळ्या) मिळतात आणि स्पर्धेच्या आधी सरावाचाच लॉट स्पर्धेला मिळेल का, हे विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा क्लब बघा. नीलिंगचा सराव घरी सतरंजीवर, घोट्याखाली गुंडाळी घेऊन आत्ताच सुरू करता येतो, त्याला ना गोळी लागते ना परवाना. पहिले काही आठवडे पाय बधिर होतो, घाबरू नका.

आणि काही ठरवण्याआधी तिला एखाद्या वाऱ्याच्या दिवशी दुपारच्या डिटेलला घेऊन या, नुसतं मागे बसून बघायला. झेंडे आणि स्क्रीनवरचे आकडे यांचा संबंध लावत ती तासभर बसली, तर मला इथेच निरोप टाका. मध्यम मापाचं नेमबाजीचं एक जुनं पण धड जॅकेट आमच्या क्लबमध्ये पडून आहे, त्याचं विचारून बघते. कंटाळून मोबाईल काढला तर एअर रायफलमध्येही करण्यासारखं भरपूर आहे, आणि तुमचे पैसे वाचले.