क्लासात छान गाणारी मुलं मैफलीत का बावरतात?

तुम्ही विचारलंय की तुमचे विद्यार्थी क्लासात व्यवस्थित गातात, पण मैफलीत काही बिनसलं की तुमच्याकडे बघत बसतात, तर त्यांना कसं तयार करायचं. आधी एक सांगते: पहिल्या रांगेत बसून हातावर ताल देत असाल तर ते आजच बंद करा. तुमचा हात दिसत असताना विद्यार्थी ठेका, म्हणजे तबल्यावर फिरून फिरून येणारे तालाचे बोल, कशाला ऐकेल?

विद्यार्थ्याने मैफलीत स्वतःच सांभाळून घ्यायचं, यावरून माझं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी चांगलंच वाजलं होतं. माझी एक विद्यार्थिनी विलंबित एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या तालात संथ लयीने, बडा ख्याल गायला बसली. तबल्याला बुजुर्ग वादक. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, घेऊन ती समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली आणि ठेका सुरू झाला तो तिच्या लयीपेक्षा बराच चढा. शब्द कोंबावे लागायला लागले. तिने हाताने खूण केली, ती त्यांनी पाहिली नाही. मग आवर्तन संपता संपता त्यांच्याकडे वळून हळूच म्हणाली, "काका, जरा ठाय घ्या ना." त्यांनी लय उतरवली. पुढे एका तानपुऱ्याचा पंचम उतरला, तर तिने मागे वळून तो तानपुरा थांबवायला सांगितला, स्वतः तार लावून दिली आणि आलाप पुन्हा धरला. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी तर मुद्दाम मागे, खांबाआड बसले होते.

कार्यक्रम संपल्यावर सहकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढीशी पोर बुजुर्गांना लय सांगते? हेच शिकवता?"

हो, हेच शिकवते. क्लासात तबलजींना सांगून मध्येच लय वाढवायला लावते. तानपुऱ्याची एक तार किंचित उतरवून ठेवते आणि कोणाच्या लक्षात येतं ते बघते. सम हुकली तर पुन्हा पहिल्यापासून गाऊ देत नाही. षड्जावर, म्हणजे 'सा'वर, थांबायचं आणि ठेका ऐकायचा. एकतालात 'तिरकिट' दोनदा येतो, चौथ्या मात्रेवर आणि दहाव्या, त्यामुळे त्याच्यावर विसंबलं की फसायला होतं. 'कत्' मात्र एकदाच, सातव्या मात्रेवर. तो कानावर पडला की सम किती लांब आहे ते कळतं आणि मुखडा कुठून उचलायचा तेही. हे बोटांवर मात्रा मोजून जमत नाही, बोल कानात मुरावे लागतात. म्हणून गाणाऱ्या प्रत्येकाला मी ठेका तोंडाने म्हणायला लावते, हातावर टाळी-खाली धरून. आणि चुकल्यावर जीभ चावायची नाही, चेहरा पाडायचा नाही, हेही आरशासमोर करून घेते.

अगदी लहान मुलांना किंवा पहिल्यांदाच बसणाऱ्यांना असं एकटं सोडू नका. मागे तानपुऱ्यावर एखादा मोठा विद्यार्थी बसवा, तो सांभाळून घेतो. आणि लय सांगायची ती अदबीनेच, मान डोलावून किंवा दोन शब्दांत, तबलजींवर डोळे वटारून नाही.

पण सांगायची नाहीच, हे मला मान्य नाही. साथ गाण्याला असते आणि त्या वेळी गाणं तिचं होतं. तबलावादकांना स्वतःला त्यात काही वावगं वाटलं नाही, पुढच्या कार्यक्रमातही ते तिच्या साथीला बसले. मान राखण्याच्या नावाखाली मुलीने चढ्या लयीत फरफटत गायचं, यात नेमका कोणाचा मान राहतो, ते त्या सहकाऱ्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.